एमएसडब्ल्यूसाठी टायटल फोर-ई स्टायपेंड मिळतोय, पण दोन वर्षांचा बाँड आहे. सही करावी का?

अबोली_ईस्टबे

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात, बे एरियात राहते. नाशिकला बी.एस.डब्ल्यू. केलं होतं. मग लग्न, मग एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर) बरीच वर्षं घरात गेली. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आलं आणि इथल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत एमएसडब्ल्यूला (समाजकार्यातली मास्टर्स) प्रवेशही मिळाला. पाठोपाठ विभागाकडून ईमेल आली की टायटल फोर-ईच्या (बाल संरक्षणासाठीच्या केंद्राच्या निधीतल्या) स्टायपेंडसाठी माझी निवड होऊ शकते, मुलाखतीला या. दोन्ही वर्षं पैसे मिळतील, त्या बदल्यात पदवीनंतर दोन वर्षं काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) बाल संरक्षण खात्यात पूर्णवेळ नोकरी करायची. नाही केली तर पैसे परत.

घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो, बाँड म्हणजे बाँड, आत्ता गोड वाटतं आणि नंतर गळ्याशी येतं, त्यापेक्षा कर्ज काढू. सासूबाई फोनवर म्हणाल्या, लोकांच्या घरात शिरून मुलं उचलून आणायची ती नोकरी ना? तुला झेपेल का? खरं सांगायचं तर त्यांचाच प्रश्न माझ्या मनात जास्त घोळतोय.

मुलगी तिसरीत आहे. मला पुढे एलसीएसडब्ल्यू (लायसन्स असलेली क्लिनिकल सोशल वर्कर) व्हायचं आहे, समुपदेशन करायचं आहे. दोन वर्षं दुसरीकडे अडकले तर तो रस्ता लांबतो का? पदवीनंतर काउंटीने नोकरीच दिली नाही तर? आणि नवऱ्याची बदली झाली तर? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

शेवंता

अबोली, मी हाच स्टायपेंड घेऊन एमएसडब्ल्यू केलं आणि बाँड संपल्यावरही त्याच खात्यात राहिले. सेंट्रल व्हॅलीतल्या एका काउंटीत काम करते. माझं मत या कामाच्या बाजूने झुकलेलं आहे, हे गृहीत धरून वाच.

आधी हा पैसा येतो कुठून ते समजून घे, म्हणजे अटीचा अर्थ कळेल. १९८० साली कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने सोशल सिक्युरिटी ॲक्टच्या चौथ्या प्रकरणात 'ई' हा भाग आला. फॉस्टर केअर (घरातून काढलेल्या मुलांचा दुसऱ्या घरात सांभाळ) आणि दत्तक साहाय्याचा केंद्राचा पैसा त्यातून येतो. त्यातच एक तरतूद प्रशिक्षणाची आहे. राज्याच्या बाल संरक्षण खात्यात असलेल्या, किंवा तिथे यायची तयारी करणाऱ्या माणसांच्या शिक्षणावर राज्याने खर्च केला, तर पात्र खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्र उचलतं. कॅलिफोर्नियात १९९० साली बर्कलीत कॅलस्वेक ही संस्था उभी राहिली. समाजकार्य शिकवणारी विद्यापीठं आणि काउंट्यांची खाती तिच्यात एकत्र आली आणि हा पैसा विद्यार्थ्यांपर्यंत पोचू लागला. माझ्या वेळी पूर्णवेळ विद्यार्थ्याला वर्षाला १८,५०० डॉलर मिळायचे.

तेव्हा सेवेची अट तुझ्या विभागाने मनाने घातलेली नाही, ती केंद्राच्या नियमातच आहे. जितका काळ मदत घेतली, किमान तितका काळ त्या खात्यात काम करायचं. पण त्याच नियमात खात्यावरही बंधन आहे आणि ते फारसं कुणी वाचत नाही. शिक्षण संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत नोकरी देऊ केली तर तू बांधील आहेस. भरती गोठवली, बजेट कापलं, अशा खात्याच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी देता आली नाही, तर खात्याने तुला बाँडमधून मोकळं करायचं आहे. आता हे प्रत्येक राज्य आपापल्या करारात आपापल्या शब्दांत उतरवतं. माझ्या करारात होतं की शेजारच्या काउंटीत जागा नसेल तर राज्यातल्या इतर काउंट्यांतही अर्ज करायचे आणि केल्याचा पुरावा ठेवायचा. तुझ्या करारात नोकरी शोधायची मुदत किती, कुठवर शोधायचं आणि सुटका कोण लिहून देणार, हे तीन मुद्दे शोधून काढ. सापडले नाहीत तर मुलाखतीत विचार. चांगला समन्वयक या प्रश्नांना खुश होतो.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो टाळू नकोस, कारण खरा निर्णय तिथेच आहे.

मुलं घरातून काढावी लागतात हे खरं आहे. मी काढली आहेत. पण दिवसाचा बराचसा वेळ त्यांना परत घरी, किंवा घरच्यांपैकी कुणाकडे तरी, पोचवण्यात जातो. एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आमच्याकडे पंजाबी कुटुंबं पुष्कळ, काही तीन-चार पिढ्यांपासून शेतीत आहेत. एक लहान मुलगा फॉस्टर घरात होता आणि त्याची आजी त्याला सांभाळायला तयार होती. कॅलिफोर्नियात नातेवाइकालाही रिसोर्स फॅमिली (मूल सांभाळणारं कुटुंब) म्हणून मंजुरी घ्यावी लागते आणि घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचे बोटांचे ठसे द्यावे लागतात. आजी ठशांचं नाव काढलं की गप्प व्हायची. कागदावर शेरा पडला होता, 'सहकार्य करत नाही'. मी गेले, हिंदीत बोलले, तेव्हा कळलं की ठसे म्हणजे आपल्यावर पोलिस केस, असं तिला वाटत होतं. समजूत काढून तिला घेऊन गेले. मशीनच्या काचेवर बोट ठेवलं की पडद्यावर नुसता करडा डाग. आयुष्य पॅकिंग शेडमध्ये पीच निवडण्यात गेलेलं, बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. तिथल्या मुलीने तिच्या बोटांना लोशन चोळलं, एकेक बोट पुन्हा दाबून पाहिलं. तरी ठसे नाकारले गेले. दुसऱ्यांदाही नाकारले गेले, तेव्हा नावावरून तपासणी करायची विनंती गेली, आणि ती यायला वेळ लागला.

हे सगळं होईतो मधल्या काळात त्या फाइलवरचा माणूस बदलला असता तर? नव्या माणसाने आधी 'सहकार्य करत नाही' वाचलं असतं. मी तिथेच होते म्हणून मंजुरीचा कागद आला त्या आठवड्यात मूल आजीकडे गेलं.

सेवेची अट मला न्याय्य वाटते ती यामुळे. मिलवॉकी काउंटीतला २००५ चा एक अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. ज्या मुलांचा केसवर्कर एकच राहिला त्यांतल्या ७४.५ टक्के मुलांना कायमचं घर मिळालं होतं, दोन केसवर्कर झाले त्यांच्यात हे प्रमाण १७.५ टक्क्यांवर आलं. आकडा जरा सावधपणे घ्यावा असं माझं मत आहे, कारण सोपी केस लवकर संपते आणि तिचा माणूस बदलायची वेळच येत नाही. तरी रोज फायली हातात घेणाऱ्या माणसाला त्यात काही तरी खरं आहे हे कळतं. खात्यातून लोक पटापट जातात. दोन वर्षं टिकणारा, शिकलेला माणूस मिळावा म्हणून सरकार हा पैसा टाकतं.

म्हणून माझं म्हणणं असं: स्टायपेंड नसता तरी ही नोकरी दोन वर्षं केली असती का, हे स्वतःला विचार. 'हो' किंवा 'बहुतेक हो' असेल तर सही कर. 'नाही, पण पैसे मिळतायत' असं उत्तर आलं तर नवरा म्हणतो तेच बरं, कर्ज काढ. बाँड म्हणून दिवस ढकलणारा माणूस मुलांच्या वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं. तुझ्याही तब्येतीला ते सोसणार नाही.

एलसीएसडब्ल्यूबद्दल सवडीने लिहिते, आत्ता कोर्टाचा रिपोर्ट द्यायचा आहे.

---

ओटीपी_वरचा_पाहुणा

मी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर एमएसडब्ल्यू करतोय, पहिल्या वर्षाला आहे. मला विभागाने सांगितलं की तुम्हाला अर्जच करता येणार नाही. हे भेदभावाचं नाही का? फी तर आम्हीच जास्त भरतो.

---

शेवंता

तुझं वाईट वाटणं समजतं. कारण मात्र बाँडमध्येच आहे. पदवीनंतर काउंटीत दोन वर्षं पूर्णवेळ काम करायचा कायदेशीर हक्क तुझ्याकडे असायला हवा. एफ-१ वर ओपीटी (पदवीनंतर काम करायची परवानगी) बारा महिन्यांचं मिळतं, आणि समाजकार्य स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या) यादीत नाही, त्यामुळे पुढची २४ महिन्यांची वाढ मिळत नाही. बारा महिन्यांत दोन वर्षांची सेवा बसत नाही, आणि पुढे एच-१बी (नोकरीचा व्हिसा) मिळेलच यावर कुणी करार करत नाही. तुला सही करू दिली असती तर अर्ध्यात पैसे फेडायची वेळ तुझ्यावरच आली असती. तू विभागातली ग्रॅज्युएट असिस्टंटशिप आणि सेवेची अट नसलेल्या शिष्यवृत्त्या बघ. त्या लहान असतात, पण दोन-तीन जोडता येतात.

---

डॅलसची_वहिनी

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, तोही इथे असावा म्हणून लिहिते. मी कॅलिफोर्नियात नव्हते, दुसऱ्या एका राज्यात होते. नाव मुद्दाम देत नाही. दोन वर्षांचा बाँड, त्यातलं एक वर्ष नोकरी नीट केली. मग नवऱ्याच्या कंपनीने ऑफिस टेक्ससला हलवलं. बाळ सहा महिन्यांचं होतं, दोन घरं करणं शक्यच नव्हतं. मला वाटलं होतं निम्मी सेवा झाली, निम्मे पैसे परत करावे लागतील. करारातल्या कलमानुसार सेवा पुरी झाली नाही तर पूर्ण रक्कम, असं निघालं. केलेलं एक वर्ष हिशोबातच नाही. पत्र आलं ते मी किचन ओट्यावर उभ्याउभ्या वाचलं आणि तिथेच बसले. टेक्ससच्या खात्यात काम करून ते धरता येईल का, असंही विचारलं. उत्तर नाही आलं, मग नाहीच असं आलं. हप्ते पाडून घेतले, अजून चालू आहेत.

काम मला आवडायचं. शेवंताताई म्हणतात ते सगळं पटतं. पण अबोली, केलेले महिने वजा होतात का, आणि राज्य बदललं तर काय, या दोन गोष्टींची उत्तरं लेखी घे. तोंडी कुणी कितीही गोड बोललं तरी लेखी घे.

---

गोदाकाठ

मी नाशिकला समाजकार्य महाविद्यालयात शिकवतो. अबोली, तू आमच्याच गावची, त्यामुळे राहवलं नाही.

आपल्याकडे बाँड म्हटलं की डोळ्यासमोर एमबीबीएसवाले येतात. सरकारी कॉलेजातून झाला की एक वर्ष शासकीय सेवा. समाजकार्याच्या पोरांना बाँड नाही, कारण त्यांच्या शिक्षणावर असा पैसा लावून 'या, आमच्या खात्यात काम करा' असं म्हणणारं खातंही समोर उभं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली जिल्ह्याजिल्ह्यात बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहेत. कक्षातली माणसं कंत्राटी. माझे विद्यार्थी तिथे मन लावून काम करतात, मग लग्न ठरतं, घराचे हप्ते चालू होतात, आणि बँकेत किंवा सीएसआरमध्ये निघून जातात. त्यांना दोष कसा देऊ? दोन वर्षांची खात्रीची पूर्णवेळ नोकरी सेवेची 'अट' म्हणून मिळते हे वाचून माझ्या वर्गातली निम्मी पोरं आज सही करतील.

तुझं बी.एस.डब्ल्यू. इथलं असेल तर क्षेत्रकार्याच्या नोंदवह्या आणि तासांचा दाखला जुन्या कॉलेजातून काढून ठेव. अर्जाच्या मुलाखतीत दाखवायला उपयोगी पडतील.

---

अबोली_ईस्टबे

सगळ्यांचे खूप आभार. सर, नोंदवह्या आईकडे माळ्यावर आहेत, आजच फोन केला.

डॅलसच्या वहिनी, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण हे आधी कळलं ते फार बरं झालं. नवऱ्याने तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि म्हणाला की पुढची चार वर्षं बदली घेणार नाही असं तो आत्ता तरी सांगू शकतो. शेवंताताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे 'बहुतेक हो' असं आहे. नाशिकला निरीक्षणगृहात क्षेत्रकार्य केलं होतं, तिथली मुलं अजून आठवतात. पण एलसीएसडब्ल्यूचं आणि पैशाचं जरा सांगा ना. १८,५०० मध्ये बे एरियात काय होतं?

---

शेवंता

बे एरियात त्यात भाडंही भागत नाही, हे सरळ सांगते. फी निघेल, पुस्तकं निघतील, पेट्रोल निघेल. तुमचं घर नवऱ्याच्या पगारावर चालतं म्हणून जमेल. माझ्या वर्गात एकटी आई असलेली एक जण होती, ती स्टायपेंड घेऊनही शनिवार-रविवार काम करायची, आणि फील्ड प्लेसमेंटचे तास वेगळेच. एमएसडब्ल्यूला कमीत कमी ९०० तास फील्ड (क्षेत्रकार्य) लागतं. त्यातलं एक वर्ष तरी तुझं बाल संरक्षणातच असेल. गाडी स्वतःची लागेल, लायसन्स आणि विमा लागेल. गाडी चालवत नसशील तर आजपासून शीक, हे गंमत म्हणून लिहीत नाहीये.

कराचं फार लोकांना उशिरा कळतं. साध्या शिष्यवृत्तीतली फी-पुस्तकांची रक्कम करमुक्त असते. पण ज्या पैशाच्या बदल्यात सेवा करायची अट आहे, मग ती सेवा पुढे करायची असली तरी, तो पैसा आयआरएसच्या (केंद्राच्या कर खात्याच्या) नजरेत मोबदला असतो. म्हणजे करपात्र. तुम्ही दोघं मिळून रिटर्न भरता, नवऱ्याच्या पगारावर तो चढेल. पहिल्या वर्षीपासून थोडे बाजूला काढत जा. आणि फायनान्शियल एडच्या ऑफिसला विचार की स्टायपेंडमुळे तुझी बाकीची मदत किती कमी होणार.

कर्ज काढायचं ठरलं तरी एक गोष्ट लक्षात ठेव. २००७ च्या कायद्याने आलेली सार्वजनिक सेवेची कर्जमाफी काउंटीच्या नोकरीला लागू होते. पात्र नोकरीत राहून १२० हप्ते भरले की उरलेलं केंद्राचं कर्ज माफ. थोडं स्टायपेंडवर, थोडं कर्जावर असं करणारे बरेच आहेत आणि त्यांची काउंटीतली वर्षं दोन्हीकडे धरली जातात.

आता एलसीएसडब्ल्यू. पदवीनंतर देखरेखीखाली ३,००० तास आणि किमान १०४ आठवड्यांची सुपरव्हिजन लागते. १०४ आठवडे म्हणजे दोन वर्षं झालीच. म्हणजे बाँडची दोन वर्षं आणि लायसन्सची दोन वर्षं एकावर एक बसू शकतात. 'शकतात' म्हणतेय, कारण काउंटीत लायसन्सधारी सुपरवायझर असायला हवा आणि त्याने तुला घ्यायला हवं. काही काउंट्या हे तास कामाच्या वेळेतच देतात, काही ठिकाणी सुपरवायझरच मिळत नाही आणि लोक बाहेर पैसे मोजून सुपरव्हिजन घेतात. शिवाय केसवर्करच्या कामातले सगळेच तास क्लिनिकल म्हणून धरले जात नाहीत. नोकरीच्या मुलाखतीत पगाराच्या आधी हे विचार. मी विचारलं होतं, पॅनेलवरच्या बाईंनी वही काढून मला कुणाकडे सुपरव्हिजन मिळेल ते तिथल्या तिथे सांगितलं. त्या दिवशीच मी ती काउंटी पक्की केली.

समुपदेशनच करायचं असेल आणि बाल संरक्षण नकोच वाटलं, तर मानसिक आरोग्याच्या शिष्यवृत्त्याही विचारून बघ. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या २००४ च्या प्रॉप ६३ ने दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर १ टक्का कर लावला, त्या निधीतून एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्यांना सेवेच्या अटीवर मदत दिली गेली आहे. यंदा तुझ्या विद्यापीठात काय चालू आहे ते विभागच सांगेल. पण निरीक्षणगृहातली मुलं अजून आठवतात म्हणालीस, तेव्हा मला वाटतं तुझी जागा आमच्याकडे आहे.

मुलाखतीत ते हमखास एक विचारतील: आईबापाने मुलाला मारलं, तरी त्या आईबापाबरोबर काम करू शकाल का? पाठ केलेलं उत्तर देऊ नकोस. आपल्याकडे घराघरात मुलांना फटका बसतो, तू मी सगळ्यांनी पाहिलंय. शिस्त कुठे संपते आणि इजा कुठे सुरू होते याबद्दल तुला काय वाटतं, कायदा काय म्हणतो, आणि दोन्हींत अंतर असेल तर तू काय करशील, हे प्रामाणिकपणे बोल. पॅनेलला हेच ऐकायचं असतं.

---

डॅलसची_वहिनी

शेवंताताई, नोंदणीचं राहिलं. कॅलिफोर्नियात पदवीनंतर ९० दिवसांच्या आत एएसडब्ल्यूचा (लायसन्सच्या आधीच्या नोंदणीचा) अर्ज गेला तरच मधले तास धरतात ना? माझी नणंद तिकडेच आहे, तिच्याकडून ऐकलंय.

---

शेवंता

बरोबर, बरं झालं आठवण केलीत. अबोली, पदवीच्या तारखेपासून ९० दिवसांत बोर्ड ऑफ बिहेव्हियरल सायन्सेसकडे (लायसन्स देणाऱ्या मंडळाकडे) अर्ज पोचायला हवा, आणि जिथे काम करणार तिथे तास मोजायला लागायच्या आधी लाइव्ह स्कॅन (मशीनवरचे बोटांचे ठसे) झालेलं हवं. लाइव्ह स्कॅनच्या भरलेल्या फॉर्मची प्रत जपून ठेव, बोर्ड ती मागतं. मुलाखत कधी आहे ते कळव. करार हातात आला की नाव-पत्ता झाकून मला व्यक्तिगत निरोपातून पाठव, आपण दोघी मिळून वाचू.